सज्जन जीव, दुर्जन जीव आणि दुकानातला पोऱ्या

१९७४ च्या उन्हाळ्यात, नववीची परीक्षा झाल्यावर, वडिलांनी मला पुण्यातल्या एका छापखान्यात उमेदवारीला धाडले. पगार नाही; सकाळचा आणि दुपारचा चहा मालकांकडून. काम एकच. छापून झालेल्या मजकुराचे खिळे सोडवायचे आणि ज्याच्या त्याच्या खान्यात परत टाकायचे. आम्ही तिघे पोरे ज्या घोडीपाशी उभे असायचो तिच्यासमोरच्या भिंतीवर 'करणी तशी भरणी'चे रंगीत चित्र टांगलेले होते. मधोमध यमधर्म, शेजारी वही उघडून बसलेला चित्रगुप्त, भोवती लहान लहान चौकटी. खोटे माप देणारा, चहाडी करणारा, धन्याची चोरी करणारा, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात त्याची त्याची कढई किंवा करवत. देवाच्या तसबिरी मालकांच्या टेबलामागे होत्या. हे एकच चित्र आमच्या वाट्याला आले होते.

दोन महिने दिवसाचे आठ-नऊ तास ते चित्र पाहिल्यावर दोन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली अशी की, स्वर्गाकडे निघालेल्या सगळ्या माणसांचा चेहरा एकच होता. चित्रकाराने मन लावून रंगवली होती ती पापी माणसे. दुसरी गोष्ट आमच्यातल्या थोरल्या पोराने दाखवली. धन्याची चोरी करणाऱ्या नोकराला चौकट आहे, नोकराला रात्री नऊपर्यंत राबवणाऱ्या धन्याला नाही. पुढे एके दिवशी त्याने 'मालक' हे तीन अक्षरांचे लेबल जुळवले, त्याचे प्रूफ काढले आणि कढईतल्या एका लठ्ठ माणसाखाली खळीने चिकटवले. मालकांनी ते पाहिले, फाडले, आणि 'मा'चा काना झिजलेला आहे, खाना तपासा, एवढेच म्हणाले.

हा प्रसंग मला जपानी ठसाचित्रांवर वाचू लागलो तेव्हा पुन्हा पुन्हा आठवला. लाकडी फळ्यांवर कोरून हातकागदावर छापलेल्या या चित्रांवर पुस्तके पुष्कळ आहेत. गणिका, नट, पावसातले पूल, फुजीचा डोंगर यांची मोठमोठी रंगीत पाने त्यांत असतात. मुलांना आणि दुकानातल्या पोऱ्यांना चार चांगल्या गोष्टी सांगण्यासाठी निघालेल्या चित्रांना मात्र शेवटी कुठेतरी एखादा परिच्छेद मिळतो. संग्राहकांना ती रुक्ष वाटतात. त्यांचे फारसे चुकत नाही. पुष्कळशी आहेतच रुक्ष. पण ज्याने कधी भिंतीवरच्या अशा चित्रासमोर उभे राहून काम केले आहे, त्याला त्यांत एक प्रश्न दिसतो आणि तो रुक्ष नाही. उमेदवारांना शहाणे करण्यासाठी काढलेल्या या चित्रांत उमेदवार कुठे आहे?

आधी तो होता कसा, ते पाहू. एदो काळात, म्हणजे सतराव्या शतकाच्या आरंभापासून १८६८ पर्यंत, व्यापारी पेढीत दहा-बारा वर्षांचा मुलगा 'देच्ची' म्हणून दाखल होई. घरचे नाव मागे राही आणि बहुधा पेढीने दिलेले सुटसुटीत नाव चिकटे. वेतन नाही; अन्न, अंथरूण आणि हंगामाचे कपडे. दिवसा झाडलोट, निरोप, मालकाच्या मागे गाठोडे घेऊन चालणे. रात्री लिहिणे, वाचणे, मणिचौकटीवर हिशेब. सतरा-अठराव्या वर्षी तो प्रौढ गणला जाई आणि 'तेदाई' म्हणजे कारकून होई. पुढे फार थोडे 'बांतो' म्हणजे मुनीम होत, आणि त्यांतल्याही मोजक्यांना पेढीच्या नावाचा पडदा लावून वेगळे दुकान थाटायची परवानगी मिळे. बाकीचे मधेच गळत. इसे आणि ओमी प्रांतांतल्या मोठ्या व्यापाऱ्यांच्या एदोतल्या पेढ्यांत तर मुले गावाकडूनच आणलेली असत आणि त्यांना पहिल्यांदा घरी जायला मिळे ते आठ-नऊ वर्षांनी.

या मुलांना नीती शिकवण्याची सर्वांत मोठी चळवळ ज्याने सुरू केली तो स्वतः असाच पोऱ्या होता, हे मला महत्त्वाचे वाटते. इशिदा बाइगान १६८५ साली तांबा प्रांतातल्या एका खेड्यात जन्मला. लहानपणी त्याने रानातून पाच-सहा चेस्टनट उचलून आणले; बापाने विचारले, कुठल्या झाडाखालचे? दोन रानांच्या शिवेवरचे, म्हणजे बहुधा शेजाऱ्याच्या झाडाचे. बापाने जेवता जेवता उठवून ते परत ठेवायला पाठवले. अकराव्या वर्षी तो क्योतोतल्या एका दुकानात लागला. दुकान डबघाईला आलेले. ठरल्याप्रमाणे कपडेसुद्धा मिळेनात. पोराने घरी एका शब्दाने कळवले नाही. घरच्यांना कळले तेव्हा त्यांनी त्याला परत नेले. तेविसाव्या वर्षी तो पुन्हा क्योतोत आला, दुसऱ्या पेढीत राबला, आणि १७२९ मध्ये स्वतःच्या घराच्या एका खोलीत त्याने प्रवचने सुरू केली. दाराबाहेर पाटी होती : पैसे नाहीत, ओळख लागत नाही, ज्याला ऐकावेसे वाटेल त्याने यावे. आरंभी कधी कधी एकच श्रोता असे.

बाइगानच्या चरित्रातली ही कपड्यांची गोष्ट त्याच्या शिष्यांनी सोशिकपणाचा दाखला म्हणून सांगितली. मला त्यात आणखी काही दिसते. व्यापारी हा समाजातला बांडगूळ आहे, असे मानणाऱ्या सामुराई जगात, सचोटीने मिळवलेला व्यापाऱ्याचा नफा हा सामुराईच्या तनख्याइतकाच न्याय्य आहे, हे बाइगानने ठणकावून सांगितले. ही धिटाई आहे. पण धन्याने पोऱ्याला कपडे दिले नाहीत तर त्या कराराचे काय, हा प्रश्न त्याने तसा ठणकावून विचारला नाही. त्याच्या पंथाला पुढे 'शिंगाकु' म्हणजे मनाचे शास्त्र असे नाव मिळाले, आणि ज्या मुलांना पोटाची चिंता होती त्यांना मनाचे शास्त्र शिकवण्यात आले.

बाइगानचा शिष्य तेशिमा तोआन याने हे काम पद्धतशीर केले. १७७३ मध्ये निघालेल्या त्याच्या 'झेनकुन' या पुस्तिकेत मुलांसाठी केलेली प्रवचने आहेत. मुलगे सात ते पंधरा वर्षांचे, मुली सात ते बाराच्या. शिंगाकुवाल्यांनी आणखी एक साधन वापरले. एकेका कागदावर छापलेली चित्रे आणि वचने, फुकट वाटण्यासाठी. त्यांना 'सेइन' म्हणत. आपल्याकडे जत्रेत देवस्थानची पत्रके वाटतात त्या जातीची ही गोष्ट. ती पाहताना मला त्यांच्याविषयी प्रेम वाटत नाही. रेघ साधी, उपमा सोप्या, आणि शेवट ठरलेला. ज्याच्यासाठी कागद छापला त्याचा चेहरा काढायची गरज चित्रकाराला वाटलेली नाही, कारण बोलणारा वर बसला आहे आणि ऐकणारा कागदाबाहेर आहे.

पोऱ्यांच्या नीतिशिक्षणात खरी रंगत होती ती त्यांच्या सुट्टीच्या दिवशी. वर्षातून दोनच सुट्ट्या. पहिल्या महिन्याची सोळा तारीख आणि सातव्या महिन्याची सोळा तारीख. या सुट्टीला 'याबुइरी' म्हणत. मालक नवा कपडा आणि थोडे पैसे हातावर ठेवी. ज्यांचे घर जवळ ते आईकडे जात. बाकीचे गावभर भटकत. आता गंमत अशी की, हेच दोन दिवस एन्माचे. एन्मा म्हणजे आपला यम. बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानात गेला आणि तिथे न्यायाधीशाची टोपी घालून बसला. त्या दिवशी नरकातल्या कढईचेसुद्धा झाकण उघडते आणि यमदूतही विसावा घेतात, अशी लोकसमजूत. म्हणून एन्माची देवळे उघडी, नरकाची चित्रे बाहेर लावलेली, अंगणात खाऊचे गाडे. एदोतल्या नाइतो-शिंजुकु भागातल्या ताइसोजी देवळातला एन्मा यासाठी प्रसिद्ध होता. तो आजही तिथे आहे. वर्षभर राबलेले पोर हातात चार पैसे घेऊन आई नाही म्हणून यमाच्या दाराशी जाई, आणि खोटे बोलणाऱ्याची जीभ चिमट्याने कशी उपटतात ते पाही.

धनत्रयोदशीला यमासाठी दक्षिणेकडे तोंड करून दिवा ठेवणाऱ्या आपल्याला हा देव परका नाही, आणि चित्र दाखवून भीती घालण्याची ही रीतही नाही. बाणाच्या 'हर्षचरिता'त बाजारात यमपट दाखवणारा माणूस भेटतो, आणि 'मुद्राराक्षसा'तला हेर यमपट घेऊनच हिंडतो. हे सारे एकाच मुळाचे फाटे आहेत असे मी म्हणणार नाही. मला त्या दिवसाची निवड विचित्र वाटते. यमदूतांना सुट्टी असते त्याच दिवशी दुकानातल्या पोरांना सुट्टी. म्हणजे एरवीच्या दिवसांत ती दोघे एकाच पाळीवर असली पाहिजेत.

छापील चित्रांकडे परत येऊ. १७८७ पासून शोगुनाच्या दरबारात मात्सुदायरा सादानोबू याने काटकसर आणि सदाचार यांची मोहीम उघडली. १७९० पासून चित्रांवर तपासनिसाचा शिक्का आवश्यक झाला. त्याच वर्षी सान्तो क्योदेन याने 'शिंगाकु हायासोमेगुसा' ही सचित्र गोष्ट लिहिली; चित्रे किताओ मासायोशीची. क्योदेन स्वतःही चित्रकार, आणि दोघेही एकाच गुरूच्या, किताओ शिगेमासाच्या, हाताखाली शिकलेले गुरुबंधू. प्रस्तावनेत क्योदेन मोकळेपणाने कबूल करतो की चित्रपोथीला उपदेशाचा वास सहन होत नाही. तर आपण तो वासच युक्ती म्हणून वापरू आणि पोरांच्या हाती देऊ.

युक्ती अशी. स्वर्गातला देव साबणाच्या फुग्यांसारखे जीव फुंकतो. काही फुगे गोल निघतात, काही वेडेवाकडे. एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या मुलाच्या, रितारोच्या, अंगात चांगला जीव शिरतो. तो वाढतो, शहाणा निघतो. मग एके दिवशी त्याला डुलकी लागते, आणि ती संधी साधून दुर्जन जीव सज्जन जीवाला बांधून घालतात. रितारो योशिवाराच्या गणिकावस्तीकडे निघतो. कधी घराची ओढ, कधी तिची ओढ. चित्रात सज्जन जीव एक बाही धरून घराकडे खेचतात, दुर्जन दुसरी धरून उलटीकडे. शेवटी सज्जन जीव मारला जातो, रितारोला घराबाहेर काढतात, तो चोर होतो. आणि मग मेलेल्या सज्जन जीवाची बायको आणि मुले सूड घेतात, एक पंडित रितारोला सावरतो, सगळे ठीक होते. मासायोशीने हे जीव कसे काढले? उघडी अंगे, लंगोट्या, आणि डोक्याच्या जागी एक गोल. त्या गोलात एकच अक्षर : 'झेन' म्हणजे सु किंवा 'आकु' म्हणजे दुष्ट. बस्स.

या चित्रांइतकी हुशारी मला त्या काळच्या दुसऱ्या कुठल्याही नीतिचित्रात दिसलेली नाही. डोक्याऐवजी अक्षर काढल्याने सज्जनाचा चेहरा रंगवण्याची अडचणच मिटली. माझ्या छापखान्यातल्या चित्रात जी फजिती झाली होती ती इथे होत नाही. दोघेही सारखेच बिनचेहऱ्याचे, सारखेच वळवळणारे. आणि तरी वाचणाऱ्याचे डोळे दुर्जनांवरच जातात, कारण नाचतात तेच. एदोने पुढे त्यांना उचलले. १८१५ मध्ये होकुसाईने घरच्या घरी नाच शिकण्याचे एक पुस्तक काढले, त्यात एकेक पाऊल चितारून दाखवलेला दुर्जन जीवाचा नाच आहे. १८३२ मध्ये काबुकीच्या रंगमंचावर दोन कोळ्यांच्या अंगात हे दोन जीव संचारले आणि तो नृत्यप्रवेश अजून होतो. आजच्या जपानी भाषेत रक्ततपासणीच्या चांगल्या आणि वाईट कोलेस्टेरॉललाही हीच जोडी, 'झेनदामा' आणि 'आकुदामा', लावतात. उपदेश गेला, गोल डोकी राहिली. क्योदेनला सरकारचा धाक समजलेला होता, पण पुरता नाही. १७९१ मध्ये गणिकावस्तीवरच्या दुसऱ्या पुस्तकांसाठी त्याच्या हातांत पन्नास दिवस बेड्या पडल्या.

पण माझा प्रश्न तसाच आहे. रितारो हा मालकाचा मुलगा. पाय घसरण्याची चैन त्याला परवडते. सावरायला पंडित येतो, बाप दार उघडतो. हाच रितारो पेढीतला देच्ची असता, तर पहिल्याच रात्रीनंतर त्याची गाठोडी बाहेर आली असती आणि पुस्तक चार पानांत संपले असते. पोरांच्या हाती द्यायच्या गोष्टीत नायक वारस आहे, नोकर नाही.

इथे एका इंग्रज चित्रमालेची आठवण काढणे भाग आहे, कारण तिथे उमेदवार खरोखर दिसतो. विल्यम होगार्थने १७४७ मध्ये 'उद्योग आणि आळस' या आशयाची बारा ताम्रपट चित्रे काढली. स्पिटलफील्ड्सच्या विणकराकडे दोन उमेदवार. एक मागावर वाकलेला, दुसरा मागाला टेकून झोपलेला, आणि दारात छडी घेऊन मालक. पहिला मालकाच्या मुलीशी लग्न करून शेवटी लंडनचा लॉर्ड मेयर होतो. दुसरा टायबर्नला फासावर जातो. होगार्थ स्वतः चांदीवर नक्षी कोरणाऱ्याकडे उमेदवारी करून कंटाळलेला माणूस. झोपलेल्या पोराचे अंग त्याने किती आपलेपणाने काढले आहे! निष्ठूर मालिका आहे ती. पण पोराला निदान गळफास घ्यायला का होईना, चित्राच्या मधोमध जागा मिळाली. जपानी चित्रांत तो बहुतेक वेळा कुणाच्या तरी मागे, गाठोडे घेऊन, कागदाच्या कडेला असतो.

उपदेशाचे सोंग घेऊन भलतेच दाखवणे हा एदोच्या चित्रकारांचा आवडता डाव. उतामारोने १८०२ मध्ये 'आईबापांचा उपदेशी चष्मा' अशा अर्थाची दहा चित्रांची मालिका काढली. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात शीर्षकासाठी चष्म्याच्या आकाराची चौकट, आणि तिच्याखाली पोरीला धाक न लावणाऱ्या आईबापांना दोन शब्द. चित्रात मात्र एका हातात खेकडा आणि दुसऱ्यात काचेचा पेला घेऊन मजेत पिणारी एक दांडगट पोर. मजकूर वाचून पोरगी सुधारेल असे उतामारोला वाटत नव्हते, हे उघड आहे. मजकूर तपासनिसासाठी होता. तरी १८०४ मध्ये इतिहासातल्या हिदेयोशीची चित्रे काढल्याबद्दल त्यालाही बेड्या पडल्याच, तेवढ्याच पन्नास दिवस.

१८४२ मध्ये सरकारने पुन्हा कंबर कसली. नट आणि गणिका यांची चित्रे बंद. एका चित्राला रंगांच्या सात-आठ छापांपलीकडे जायचे नाही. किंमत सोळा मोनच्या आत. सोळा मोन म्हणजे त्या वेळच्या सोबाच्या एका वाडग्याची किंमत. निष्ठा आणि मातृपितृभक्ती यांना उत्तेजन. याच दशकात कुनियोशीने 'मुलांसाठी आरसा' म्हणून चोवीस भक्त मुलांची चिनी मालिका चितारली, पाश्चात्त्य चित्रांतल्यासारखी छाया-प्रकाश घालून. त्यातल्या एका गोष्टीत गरीब माणूस पाहतो की आपली म्हातारी आई आपल्या ताटातला घास नातवाला देते आणि उपाशी राहते. म्हणून तो मुलाला पुरायला खड्डा खणतो, आणि खड्ड्यात सोन्याचा हंडा लागतो. कुनियोशी मोठा चित्रकार. पण या मालिकेत त्याची सारी करामत झाडांच्या सावल्यांत आणि कपड्यांच्या घड्यांत आहे. खड्डा खणणाऱ्या बापाच्या मनात काय चालले असेल, इकडे तो वळत नाही. फुकुझावा युकिचीने १८७० च्या दशकात याच कथांची टर उडवली तेव्हा एक जुना कर्जबोजा फिटल्यासारखे वाटते.

आता चित्राच्या मागे जाऊ. चित्रकार फक्त रेघांचा आराखडा देई. तो पातळ कागद डोंगरी चेरीच्या फळीवर उलटा चिकटवायचा, आणि कोरणाऱ्याने सुरीने रेघेच्या दोन्ही बाजूंनी छेद घ्यायचा. मग प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी, कागद नेमक्या जागी बसावा म्हणून कोपऱ्यात खुणेच्या खाचा, आणि शेवटी छापणारा बांबूच्या धाग्यांच्या गुंडाळीने कागद पाठीमागून घासणार. कोरण्याच्या कारखान्यात मुलगा लहानपणीच येई आणि शिकायला दहाएक वर्षे घेई. रात्री दिव्यापुढे पाण्याने भरलेला काचेचा गोल ठेवून प्रकाश एका बिंदूवर आणत आणि त्यात काम चाले. चेहरा आणि केसांची मुळे ही उस्तादाची. केसाएवढ्या रेघा काढणारा हात वेगळाच मानत. कपडे, पार्श्वभूमी त्याच्या खालच्यांची. आणि रेघांच्या मधले नको असलेले लाकूड पटाशीने खरवडून काढणे हे पोरांचे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात काही चित्रांवर कोरणाऱ्याचा बारीकसा शिक्का दिसू लागतो. योकोगावा ताकेजिरोचा 'होरी-ताके' हा त्यांपैकी प्रसिद्ध. खरवडणाऱ्या पोराचा शिक्का अर्थातच नाही.

होकुसाई असाच पोरगा होता. चौदा-पंधराव्या वर्षी तो कोरकामाला लागला. एका पुस्तकाची शेवटची काही पाने आपण कोरली, असे त्याने पुढे सांगितले आहे. अठरा-एकोणिसाव्या वर्षी तो चित्रकाराच्या घरात शिरला. साठ-सत्तरी ओलांडल्यावर प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात तो विनवतो की कोरणाऱ्याला सांगा, मी न काढलेल्या खालच्या पापण्या त्याने घालू नयेत. आणि नाक कसे हवे, कसे नको, हे रेघ ओढून दाखवतो. तो कोरणारा अमुकच माणूस हवा, असेही नाव घेऊन सांगतो. उमेदवारीतून माणूस काय घेऊन जातो त्याचे इतके रोखठोक चित्र मला कुठल्याही नीतिमालिकेत मिळाले नाही. तो घेऊन गेला ती आज्ञाधारकता नव्हे, पापणीची जागा.

आणि या कारखान्याचे चित्र? ते आहे. तिसरा तोयोकुनी म्हणून ओळखला जाणारा कुनिसादा, याने १८५७ मध्ये तीन कागदांचे मोठे चित्र काढले. 'कारागीर' हा त्याचा विषय. हत्याराला धार लावणे, मोगरी-पटाशीने फळी साफ करणे, कागदाला खळ देऊन वाळवणे, सारे तपशील अचूक. फक्त काम करणाऱ्या सगळ्या देखण्या, नटलेल्या स्त्रिया आहेत. पाहणाऱ्याने हसावे म्हणून केलेली ही अदलाबदल. कारखान्यात प्रत्यक्ष हे काम पुरुष आणि पोरे करत. तंत्राच्या इतिहासकारांना हे चित्र फार उपयोगी पडते. मला ते अंमळ दुष्ट वाटते. आपल्याच कारखान्याचे चित्र काढतानासुद्धा पटाशी पोराच्या हातातून काढून घेतली.

मेइजी राज्य आले, आणि १८७१ मध्ये शिक्षण मंत्रालय स्थापन झाले. लंडनहून परतलेल्या नाकामुरा मासानाओने सॅम्युएल स्माइल्सच्या 'सेल्फ-हेल्प'चे भाषांतर १८७०-७१ मध्ये केले आणि ते घरोघर वाचले गेले. त्यातले नायक घेऊन मंत्रालयाने १८७३ मध्ये रंगीत ठसाचित्रे काढली. आता एन्मा नाही, गोल डोक्यांचे जीव नाहीत. उंदरांनी आपली पक्ष्यांची चित्रे कुरतडलेली पाहणारा ऑडुबॉन आहे, वाफेशी खेळतो म्हणून मावशीची बोलणी खाणारा जेम्स वॅट आहे. थॉमस कार्लाइलच्या कुत्र्याने दिवा पाडला आणि त्याचे हस्तलिखित जळते आहे, असेही एक चित्र आहे. कुत्र्याने दिवा पाडण्याची आख्यायिका खरे म्हणजे न्यूटनची. कार्लाइलचे हस्तलिखित एका मित्राकडे असताना मोलकरणीने जाळले. स्माइल्सच्या पुस्तकात दोन्ही गोष्टी लागोपाठ येतात, आणि मंत्रालयातल्या कुणाच्या तरी हातून न्यूटनचा कुत्रा कार्लाइलच्या घरी गेला. चिकाटी शिकवायला ती चूक आड आली नाही.

मला अस्वस्थ करते ते रिचर्ड आर्कराइटचे चित्र. सूतकताईच्या यंत्राचा नमुना त्याची बायको मोडून टाकते, कारण तो घर उपाशी ठेवून त्यातच गढला आहे. स्माइल्सने सांगितल्याप्रमाणे तो तिच्यापासून वेगळा झाला. चित्रातली नीती अशी की ध्येयापुढे बायकोचे ऐकू नये. आता हा आर्कराइट मुळात एका न्हाव्याकडचा उमेदवार. आणि वॅटने लंडनला जाऊन उपकरणे बनवणाऱ्याकडे वर्षभर उमेदवारी केली होती, पोटाला चिमटा घेऊन. मुलांना हे दाखवता आले असते. निवडले ते काय, तर किटली आणि भांडकुदळ बाई. शिवाय हा आर्कराइट क्रॉमफर्डच्या ज्या गिरणीमुळे श्रीमंत झाला तिथे लहान मुले कामाला होती. जपानी पोरांपुढे आदर्श म्हणून आला तो पोरांना कामाला लावणारा मालक, आणि छापखान्यातल्या माझ्या चित्राप्रमाणे त्याच्यासाठी कढई नव्हती.

त्याच वर्षी, त्याच मंत्रालयाने, दुसऱ्या कुनितेरूकडून आणखी एक मालिका काढवली. अन्न, वस्त्र आणि निवारा यांच्या धंद्यांची लहानांसाठी चित्ररूप ओळख, असा तिच्या लांबलचक नावाचा मतलब. घर कसे बांधतात : सुतार लाकूड कापतात, रंधा मारतात, भिंती लिंपतात, जमिनीच्या चटया विणतात. उपदेश एका ओळीचा नाही. कुणी मेयर होत नाही, कुणी फासावर जात नाही. करवत कशी धरतात ते दिसते, दोरी कुठून ओढतात ते दिसते. कलाकृती म्हणून मालिका मध्यम आहे. उतामारोच्या खेकडेवाल्या पोरीसमोर ती टिकणार नाही. पण भिंतीवर एकच चित्र लावायला सांगितले असते तर माझ्या घोडीसमोर मी हिच्यातलेच लावले असते.

अलीकडे जुने ठसाचित्र समोर आले की मी आधी कोऱ्या जागा पाहतो. आभाळ, बर्फ, चेहऱ्याभोवतीचा रिता कागद. जिथे कागद पांढरा राहिला आहे तिथे फळीवरचे लाकूड कुणीतरी खरवडून खाली नेलेले असते. स्वस्त छापांत कधी कधी त्या पांढऱ्यात, रेघेपासून दूर, एखादा बारीक डाग दिसतो. तिथे लाकूड पुरेसे खोल गेलेले नाही, उंचवट्याला शाई लागली आणि ती कागदावर उतरली. सोळा मोनचे चित्र. कुणी ते परत करायला गेले नसावे.